धमनीचा खण

“खण नाही सापडला तरी चालेल,” ती म्हणाली. “माझे बाबा चोर नव्हते, एवढं मला शोधून द्या. आणि गुरुवारच्या आत द्या.”

वहिनींनी चष्मा पुसून घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. पस्तिशीची बाई, शाळेत गणित शिकवणारी. बोटांना खडू तसाच होता. वर्ग सोडून तडक आलेली दिसत होती.

वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. तीस वर्षं त्यांनी कोर्टात लोकांच्या जबान्या टाइप केल्या होत्या. माणूस खोटं बोलताना कुठे घाई करतो आणि खरं बोलताना कुठे अडखळतो, हे त्यांना कागदावर दिसायचं. नोकरी संपल्यावर लोक आपापल्या भानगडी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. सोबतीला धाकटे दीर, म्हणजे भाऊजी. त्यांनी उभा जन्म औषधाच्या दुकानात काढलेला. स्वभावानं मोकळे, डोकं जरा सावकाश चालायचं, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना स्वतःला मान्य होत्या.

“गुरुवारी काय आहे?” भाऊजींनी विचारलं.

“गुरुवारी कोश छापायला जातोय. वैद्यकातल्या शब्दांचा कोश. कुठला शब्द कुठून आला, जुन्या भाषांमध्ये त्याचा अर्थ काय होता, असा. बाबांनी त्यावर सव्वीस वर्षं काम केलं. ऑफिसात त्यांना अण्णा म्हणायचे. आता प्रस्तावनेत त्यांचं नाव नाही. आहे ते एवढंच, की ‘एका माजी सहकाऱ्याच्या अप्रामाणिकपणामुळे एक नोंद देता आली नाही.’ नाव नसलं तरी कळायचं त्यांना कळणारच.”

“कुठली नोंद?”

“आर्टरी. धमनी.”

“रक्ताची मोठी नळी,” भाऊजी म्हणाले. “तेवढं आम्हालाही कळतं.”

तिनं मग सगळं सांगितलं. कोशाच्या ऑफिसात प्रत्येक मोठ्या शब्दाला एक लाकडी खण असतो, त्यात त्या शब्दाची सगळी कार्डं. खण बाहेर न्यायचा तर रिकाम्या जागेत आपल्या नावाची, तारखेची चिठ्ठी ठेवायची. सात आठवड्यांपूर्वी, एका शनिवारी, धमनीचा खण जागेवर नव्हता. तिथे अण्णांच्या हातची चिठ्ठी होती, तीन आठवडे आधीच्या तारखेची. संपादकांनी विचारलं, तर अण्णा म्हणाले, “माझी चिठ्ठी आहे ना, मग मीच नेला असणार.” खण मात्र घरी सापडला नाही. त्यांना ऑफिसात येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

“मग?”

“मग बारा दिवस ते घर उपसत होते. कपाटं, माळा, पिठाचे डबेसुद्धा. रोज सकाळी पहिल्यापासून, जणू काल काही उपसलंच नव्हतं. तेराव्या दिवशी कपाटापुढच्या स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत.” ती थांबली. “डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.”

भाऊजींनी उगाच खिडकी लावून घेतली.

*

आधी ते तिच्या घरी गेले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. फळीवर बरण्यांची रांग, आणि प्रत्येक बरणीवर सुबक निळ्या अक्षरांत चिठ्ठी: साखर, मीठ, चहा. बाहेरच्या दाराला आतून चिठ्ठी: किल्ली खिशात. आतल्या एका दारावर: मुलीची खोली.

“हे केव्हापासून?” वहिनींनी विचारलं.

“वर्ष झालं. आयुष्यभर कार्डं लिहिली, हात स्वस्थ बसत नव्हता त्यांचा. मी हसायचे. म्हटलं, आता मलाही एक चिकटवा.”

“भेटायला कोण यायचं?”

“त्या दिवसांत? फक्त छोटीबाई, ऑफिसातल्या त्यांच्या सहायक. तीनदा आल्या. दार लावून बोलायच्या. त्या गेल्या की बाबा त्या संध्याकाळपुरते शांत व्हायचे. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.”

वहिनींनी मिठाच्या बरणीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

“माणूस शब्दांतला होता हो,” बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले. “मिठालासुद्धा नाव देऊन ठेवलं.”

“मिठाला नाव आधीच होतं, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “चला.”

*

संपादक साठीचे, टापटिपीचे आणि मनातून दुखावलेले होते. टेबलावर छापायच्या पानांचा गठ्ठा होता.

“मला त्यांच्याशी वैर नव्हतं,” त्यांनी सुरुवातच तिथून केली. “मतभेद होता. धमनी हा शब्द आपल्याकडे ‘धम’ या धातूवरून आला, म्हणजे फुंकणे. आर्टरी हा ग्रीकांचा शब्द. अण्णांचं म्हणणं, तोही वाऱ्यावरूनच आलेला. मेलेल्या माणसाच्या धमन्या कापल्या की रिकाम्या दिसतात. म्हणून जुन्या लोकांना वाटलं, यातून वारा वाहतो. श्वासनळीलाही ते तोच शब्द वापरत. दोन्हीकडच्या लोकांनी एकच चूक केली आणि ती शब्दात राहून गेली, असं अण्णा म्हणायचे.”

“आणि तुम्ही?”

“आमच्याकडचं मला मान्य आहे. पण ग्रीक शब्द मी ‘टांगणे, उचलणे’ यावरून आला असं मानतो. तसं मानणारे पुष्कळ आहेत.”

“म्हणजे खण नाहीसा झाल्यानं तुमचंच मत उरलं,” भाऊजी एकदम म्हणाले.

संपादकांचा चेहरा उतरला. “उरलं कुठे? कार्डांशिवाय मी कुठलंच मत छापत नाही. नोंदच गेली. सोमवारपासून सगळ्या खणांची शेवटची तपासणी होती. मला चैन पडेना, म्हणून हाच खण बघायला दोन दिवस आधी, शनिवारीच गेलो. तर जागा रिकामी.”

“चिठ्ठी?”

ती त्यांच्या फायलीत एका पाकिटात होती. बोटभर लांबीचा कागद, अण्णांचं नाव, तारीख. चिठ्ठीच्या बरोबर मधोमध एक बारीक भोक होतं आणि भोकाभोवती तांबूस कडा.

“फायलीला टाचली असेल,” भाऊजी म्हणाले.

“मी टाचली नाही,” संपादक म्हणाले. “पाकिटातच ठेवलीय.”

“खण परत आला, की या चिठ्ठ्यांचं काय करता?”

“टोपलीत टाकत असतील. ते मला काय माहीत? खण आणायला माणूस आहे माझ्याकडे.”

तो माणूस म्हणजे मामा. खणांच्या दालनाचा सगळा कारभार त्यांचा. एकशे बारा खण, एकशे बारा पितळी मुठी. मामा हातात फडकं घेऊनच बोलत होते.

“चिठ्ठ्या? फेकत नाही आम्ही. खण परत आला की चिठ्ठी तारेला टोचायची, ती बघा.” दालनाच्या दारामागे एक गंजकी तार लोंबत होती, वर्षभराच्या चिठ्ठ्या त्यात ओवलेल्या. “अण्णांचाच नियम. कोणी काय नेलं ते राहिलं पाहिजे म्हणायचे. चुकीचं कार्डसुद्धा फाडायचं नाही, उलटं करून खणातच ठेवायचं. पुढच्यानं तीच चूक करू नये म्हणून.”

“तो खण तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?”

“शुक्रवारी. शनिवारी बोंब झाली ना, त्याच्या आदल्या दिवशी. दर शुक्रवारी मी सगळ्या मुठी पुसतो. एकशे बारा होत्या.”

“हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?” भाऊजींनी विचारलं.

“मला कोण विचारतंय?” मामा म्हणाले. “अण्णांनी स्वतः कबूल केलं म्हटल्यावर मी मध्ये तोंड घालू?”

वहिनींनी विचारलं, “अण्णांना कोरी कार्डं तुम्हीच द्यायचात?”

“आठवड्याला शंभराचा एक गठ्ठा. कधी दीड. या वयातही दिवसभर लिहायचे.”

“आणि ती खणांत लावायचं कोण?”

“छोटीबाई. दुसरं कोण लावणार?”

वहिनींनी मग तासभर एकामागून एक खण उघडून पाहिले. हृदय, नाडी, श्वास, ज्वर. जुनी कार्डं दाटीवाटीनं होती. गेल्या वर्षातली, अण्णांच्या हातची, सगळ्या खणांत मिळून जेमतेम पन्नास भरली.

“आठवड्याला शंभर, वर्षाला पाच हजार,” भाऊजींनी बोटांवर हिशेब केला. “आणि सापडली पन्नास. वहिनी, हा चोर तर वर्षभर चोरी करत होता. जाळलीसुद्धा असतील.”

“इथलं कोणी कार्ड जाळणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “चुकीचं कार्डसुद्धा जपतात ही माणसं.”

छोटीबाई चाळिशी ओलांडलेल्या होत्या. विसाव्या वर्षी इथे आल्या तेव्हा पडलेलं नाव अजून चालू होतं. त्यांचं टेबल अण्णांच्या टेबलाला लागून. अण्णांच्या टेबलावर कोणी बसत नव्हतं, पण दौत भरलेली होती.

“सरांनी मला शिकवलं,” त्या म्हणाल्या. “मला काही येत नव्हतं. शब्द कसा वाचायचा, तेही नाही.”

“त्यांनी खण नेला असं तुम्हाला वाटतं?”

“नाही.” हे त्या लगेच म्हणाल्या.

“मग त्यांनी कबूल का केलं?”

“सर कागदावरच्या गोष्टीला कधी खोटं म्हणत नसत.”

त्यांची कापडी पिशवी खुर्चीच्या पायाशी होती. भाऊजींचा पाय अडखळला, म्हणून त्यांनी ती उचलून बाजूला ठेवायला घेतली.

“अहो, विटा नेताय का काय घरी?”

“पुस्तकं आहेत,” छोटीबाई म्हणाल्या आणि पिशवी हातातून काढून घेऊन दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवली.

“रोज नेता आणता?” वहिनींनी हळू आवाजात विचारलं.

“हो. रोज.”

वहिनींनी पुढे काही विचारलं नाही. घर आल्यावर भाऊजींना एवढंच म्हणाल्या, “उद्या अकराला सगळ्यांना बोलवा. मुलीलाही. आणि भाऊजी, उद्या कोणाला चोर म्हणू नका.”

*

बुधवारी अकरा वाजता खणांच्या दालनात सगळे जमले. संपादक, मामा, छोटीबाई. मुलगी दाराजवळच्या बाकावर बसली. धमनीच्या खणाची जागा भिंतीत अजून रिकामी होती.

वहिनींनी पाकिटातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

“ही चिठ्ठी अण्णांनीच लिहिलीय. त्याबद्दल वाद नाही. पण हिच्या मधोमध भोक आहे, आणि भोकाला गंज लागलाय. टाचणी लागते कोपऱ्यात. मधोमध फक्त तार जाते. म्हणजे ही चिठ्ठी एकदा तारेला टोचली गेली होती. म्हणजेच अण्णांनी तो खण नेला, परत आणला आणि हिशेब तिथे मिटला. नंतर कोणीतरी ती तारेवरून काढून रिकाम्या जागेत ठेवली.”

संपादक पुढे वाकले.

“मामांनी त्या शुक्रवारी एकशे बारा मुठी पुसल्या. तेव्हा खण जागेवर होता, चिठ्ठीची तारीख काहीही सांगो. म्हणजे तो शुक्रवारी संध्याकाळी गेला. मामांनी नेला असता, तर हे त्यांनी मला सांगितलंच नसतं. त्यांच्या या एका वाक्यानं चिठ्ठी खोटी पडते. संपादकसाहेबांना तर तार आहे हेच माहीत नव्हतं. चिठ्ठ्या टोपलीत जातात असं ते म्हणाले.”

छोटीबाई भिंतीकडे बघत होत्या.

“आता दुसरी गोष्ट. अण्णा वर्षाला पाच हजार कार्डं लिहीत होते, आणि खणांत आहेत पन्नास. वर्षभर कोणीतरी त्यांची कार्डं बाजूला काढत होतं. कार्डं लावणारं माणूस एकच. त्यांच्या पिशवीत पुस्तकं आहेत म्हणाल्या, पण भाऊजींनी ती उचलली तेव्हा आतून पुस्तकांचे नव्हे, एकाच लांब पेटीचे कोपरे दिसत होते. मी पाहिले.”

“पण का?” मुलीनं विचारलं. “त्यांनी बाबांवर का आणावं हे?”

“त्यांनी आणायचं म्हणून नाही आणलं,” वहिनी म्हणाल्या. “छोटीबाई, पुढचं तुम्ही सांगता का? मी सांगितलं तर ते कोरडं होईल.”

छोटीबाईंनी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला खण बाहेर काढला. तो त्यांनी अलगद ठेवला.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

संपादकांनी पहिलं कार्ड उचललं. “धमनी. धम, फुंकणे. वारा वाहणारी. आर्टरीशी ताडून पाहावे. दोन्हीकडे एकच चूक!” दुसरं उचललं. तेच. तिसरं, चौथं, दहावं. सगळ्यांवर तेच शब्द, तीच अक्षरं. तारखा तेवढ्या वेगळ्या. काही कार्डं तर एकाच तारखेची.

“रोज सकाळी त्यांना ते नव्यानं सापडायचं,” छोटीबाई म्हणाल्या. “मला हाक मारायचे. ‘छोटे, इकडे ये, बघ काय सापडलंय.’ इतके खूश व्हायचे, की मीही म्हणायचे, अय्या, खरंच की. चारशे वेळा म्हटलं असेन. बाकीच्या खणांतली मी रोजच्या रोज काढायचे. ती माझ्या घरी आहेत, खोक्यांत. पण या खणाजवळून ते हलायचेच नाहीत. आणि सोमवारी तपासणी होती. सगळ्यांना कळलं असतं.”

“म्हणून तू खण घरी नेलास,” संपादक म्हणाले.

“निवडून रविवारी परत ठेवणार होते. माझी चिठ्ठी ठेवली असती, तर तुम्ही मला लगेच विचारलं असतंत. सरांना कोणी विचारत नसे. ते महिना महिना खण ठेवून घ्यायचे. म्हणून त्यांची जुनी चिठ्ठी तारेवरून काढली. तुम्ही शनिवारीच याल असं कोणाला वाटलं होतं?”

“मग अण्णांनी नाही का म्हटलं नाही?” मामांनी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. “त्यांना आठवत नव्हतं. नेला हेही नाही, नेला नाही हेही नाही. वर्षभर ते चिठ्ठ्यांवर चालत होते. बरणीवर मीठ लिहिलंय, म्हणजे आत मीठ. दारावर लिहिलंय, म्हणजे ती मुलीची खोली. आणि इथे त्यांच्याच हातचं लिहिलेलं, की खण मी नेला. स्वतःपेक्षा कार्डावर विश्वास ठेवायचा, हेच त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. त्यांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला.”

मामा फडक्यानं डोळे पुसत होते.

“मी त्यांना सांगितलं,” छोटीबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं, खण मी नेलाय, का नेला तेही. ते हसले. म्हणाले, वेडी आहेस, एवढंच ना, उद्या जाऊन ठेवून ये. निघताना म्हणाले, मुलीला काही कळू देऊ नकोस, ती एकटी आहे, घाबरेल. दोन दिवसांनी गेले, तर ते माळ्यावर चढलेले. सगळं विसरले होते. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. प्रत्येक वेळी तसेच हसले, आणि मुलीला कळू देऊ नकोस, हे प्रत्येक वेळी म्हणाले. तेवढं ते विसरायचे नाहीत.” त्यांनी तोंडावर हात धरला. “खण रोज इथे आणायचे. रोज वाटायचं, आज ठेवेन. पण कुठून आला असं विचारलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते गेल्यावर कोणासाठी ठेवू?”

संपादकांनी खणातलं अगदी मागचं, पिवळं पडलेलं कार्ड काढलं. एकवीस वर्षांपूर्वीचं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेलं, ग्रीक आधार, आपले आधार, विरुद्ध मत, सगळं. ते त्यांनी उभ्यानंच वाचलं.

“ही नोंद पूर्ण आहे,” ते म्हणाले. “माझ्या मताचीही बाजू मांडलीय, माझ्यापेक्षा चांगली. हीच छापू, त्यांच्या नावानं. ते वाक्य मी आजच काढतो. खण गहाळ झाला होता, सापडला, एवढंच लिहीन. बाकी कोणाला कळायचं कारण नाही.”

सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. ती उठून टेबलाशी आली. कार्डांवरून तिनं हात फिरवला, पण एकही उचललं नाही.

“कळू दे,” ती म्हणाली. “ते विसरत होते, असं लिहा. शेवटचं वर्ष ते आजारी होते आणि तरी रोज येत होते, असं लिहा. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सगळ्यांनी मिळून माझ्यापासूनच लपवलंत.”

“मी त्यांना शब्द दिला होता,” छोटीबाई म्हणाल्या. “मला माफ कर.”

“बघू,” मुलगी म्हणाली. “आज नाही जमणार.”

छोटीबाईंनी मान हलवली. त्यांना तेवढंही पुष्कळ होतं.

वहिनी मुलीजवळ गेल्या. “तुमचं काम झालं. ते चोर नव्हते. घरी जाऊन जरा पडा आता.”

मुलगी जागची हलली नाही.

“वहिनी, तुम्हाला एक सांगितलं नाही मी. त्या शेवटच्या सकाळी मला शाळेला उशीर होत होता. सगळं घर पसरलेलं. मी त्यांना म्हटलं, बाबा, पुरे झालं आता हे नाटक, कुठे ठेवलाय ते खरं सांगून टाका.”

भाऊजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या दंडाला हात लावला.

“ते स्टुलावर बसले. म्हणाले, बेटा, आठवत असतं तर सांगितलं असतं गं.” ती रडत नव्हती, नुसती बोलत होती. “मला वाटलं, टाळताहेत. मी दार ओढून निघून गेले.”